चपलेचा नंबर

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात वैद्यकीय कार्यालय व्यवस्थापन अशा लांबलचक नावाचा अभ्यासक्रम आहे. शेवटच्या सत्रात मुलींना दवाखान्यात प्रत्यक्ष कामाला पाठवावं लागतं आणि त्यांच्यासाठी जागा शोधणं हे माझं काम. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मी जेवढ्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तेवढ्या एखाद्या औषध कंपनीच्या माणसानंही झिजवल्या नसतील. बहुतेक ठिकाणी मुलींचं स्वागत होतं ते फुकटची मोलकरीण मिळाली म्हणून. चहा आण, फायली उचल, डॉक्टरीणबाईंच्या पोराला शाळेतून घेऊन ये. महिने भरले की शेरा मिळतो, ‘काम समाधानकारक’. मला तो शब्द वाचला तरी चीड येते.

नीलम तायडेंनी मात्र पहिल्याच भेटीत मला झापलं होतं.

अमरावतीच्या राजापेठेत डॉ. मोहोडांचा हाडांचा दवाखाना आहे. खाली शिकवणी वर्ग, समोर दुचाक्यांची ही गर्दी, आणि वर जाणारा जिना. तिथल्या काउंटरच्या प्रमुख म्हणजे नीलमताई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा बहिराही उठून उभा राहील. मी म्हटलं, ‘‘ताई, मुलींना जरा काम दाखवाल का?’’

‘‘दाखवाले काय सिनेमा हाय काय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘शिकवाचं असन त पाठवा. चहा सांगाले माह्याजवळ टपरीवाला हाय.’’

त्या दिवसापासून मी दरवर्षी माझी सगळ्यात धीट मुलगी त्यांच्याकडे पाठवत आले.

त्यांच्या दवाखान्यात एक रीत होती, आणि ती त्यांनीच पाडली होती. गुडघे, कंबर, खुबा दुखणारी माणसं पहाटेच्या गाडीनं धामणगाव, चांदूर भागातून यायची. दार उघडायला अवकाश असायचा. मग माणसांऐवजी रांगेत त्यांच्या चपला उभ्या राहायच्या. ज्याची चप्पल पुढे, त्याचा नंबर आधी. माणूस बाकावर टेकलेला असो की जिन्यात, हाकेच्या अंतरावर असला म्हणजे झालं. नीलमताई दारात येऊन चप्पल पाहायच्या आणि नाव घेऊन हाक मारायच्या. बाई, राव, भाऊ लावल्याशिवाय कुणाचं नाव त्यांच्या तोंडून निघायचं नाही.

या रीतीमागे त्यांचे वडील होते. मोतीराम तायडे धामणगावच्या बाजारात कापसाच्या गाठी वाहायचे. पाठ गेली, मग गुडघे गेले. एका मोठ्या दवाखान्यात लेक त्यांना घेऊन गेली, तर सकाळभर रांगेत उभं राहून म्हातारा शेवटी फरशीवर बसला. काउंटरमागून आवाज आला, ‘‘ए बुढ्या, उठ तिथून!’’ नीलमताई हे सांगताना रडत नाहीत. त्यांचे ओठ घट्ट मिटतात. ‘‘ज्याचा गुडघा दुखते त्यालेच उभं ठेवते,’’ त्या म्हणतात. ‘‘याले काय दवाखाना म्हनाचं?’’

म्हणून शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी स्वतःची चप्पल रांगेत लावून अनवाणी बाकावर बसावं लागायचं. आपला नंबर येईपर्यंत. त्यानंतरच काउंटरच्या आत पाऊल. मुली नाक मुरडायच्या, पण दुपारपर्यंत त्यांचा आवाज मऊ झालेला असायचा.

यंदा मी प्रणाली इंगळेला पाठवलं. अकोल्याच्या जुन्या शहरातली, ऑटो चालवणाऱ्या बापाची पोर. अमरावतीत मावशीकडे राहायची. तिच्या काकांनी एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि घरात ठरलं होतं की यंदा शिक्षण पूर्ण झालं तर पोरगी नोकरी करेल, वर्ष वाया गेलं तर बोहल्यावर चढेल. दवाखान्याच्या सहीचं प्रमाणपत्र मिळालं नाही की वर्ष वाया. प्रणालीला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आणि तरीही ते घडलं.

प्रणालीचे महिने भरतच आले होते, तेव्हा एका सोमवारी खुशालराव आले. तालुक्याला त्यांची कापसाची जिनिंग मिल आहे, मागेपुढे माणसं आहेत, आणि गुडघा मात्र इतरांसारखाच दुखतो. दारात चपलांची रांग लागलेली. ‘‘हा काय उकिरडा मांडला?’’ म्हणत त्यांनी बुटाच्या टोकानं पुढच्या चपला बाजूला उडवल्या आणि सरळ काउंटरशी येऊन उभे राहिले. सगळ्यात पुढची चप्पल सुंदराबाईंची होती. कापूस वेचून वेचून कंबरेत वाकलेली म्हातारी. तिची चप्पल जिन्यावरून खाली गेली. भिंत धरून ती चप्पल आणायला उठली.

नीलमताई तेव्हा आत एक्स-रेच्या खोलीत होत्या. काउंटरवर प्रणाली होती.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘चप्पल होती तिथं ठेवा. मंग नंबर लावतो तुमचा.’’

खुशालरावांनी ड्रायव्हरकडे पाहून मान हलवली. तो वाकू लागला.

‘‘त्यानं नाई हटवली. तुमी हटवली.’’

‘‘कोनाची पोट्टी वं तू?’’ खुशालरावांनी विचारलं. तिनं बापाचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि मोहल्लाही सांगितला. खुशालरावांनी जे ओळखायचं ते ओळखलं. ते तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरले आणि दार उघडंच असल्यामुळे पुढचं वाक्य सगळ्या दवाखान्यानं ऐकलं.

‘‘पायातली वहान पायातच बरी असते, डाक्टर. तुमी डोक्यावर घेऊन राहिले.’’

डॉ. मोहोड वाईट माणूस नाहीत. पण नवी इमारत उभी करायची होती आणि खुशालरावांचा शब्द कुठे कुठे चालायचा. त्यांनी बाहेर येऊन फर्मावलं, मुलीनं सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर तिचं प्रशिक्षण अपुरं असं कॉलेजला कळवतो. तेवढ्यात नीलमताई आल्या. काय झालं ते सुंदराबाईंकडून ऐकलं. ‘‘बरोबर बोलली पोरगी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीच शिकवलं तिले. माफी नाई मिळत इथं.’’

‘‘मग तिला घेऊन तुम्हीही घरी बसा,’’ डॉक्टर म्हणाले.

त्या दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. चार शब्दांनी काय बिघडतं, माफी मागून मोकळं व्हा म्हणावं, असा त्यांचा सल्ला. तो निरोप घेऊन मी संध्याकाळी अमरावतीला नीलमताईंच्या घरी पोचले. प्रणाली तिथंच होती, भाकरी थापत होती. डोळे सुजलेले. मी निरोप सांगितला. सांगताना माझ्याच जिभेला तो कडू लागत होता.

नीलमताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुमी पोरी माह्याकडं कावून पाठवता? दुसरीकडं शेरा फुकट भेटते.’’

प्रणालीनं तव्यावरची भाकरी उलटली. ‘‘मी माफी नाई मागत,’’ ती म्हणाली. ‘‘लगन करा माह्यं, पन माफी नाई मागत.’’

‘‘लगनाचं मंग पाहू,’’ नीलमताई म्हणाल्या. ‘‘उद्या सकाळी लवकर उठ. आपल्याले नंबर लावाचा हाय.’’

मी तिथंच मुक्काम केला. सकाळी तिघी निघालो. जिन्यावर चपलांची रांग लागलीच होती. नीलमताईंनी आपल्या चपला काढून रांगेच्या शेवटी ठेवल्या. त्यांच्यामागे प्रणालीनं ठेवल्या. माझी पावलं जरा अडखळली. प्राचार्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग मीही सँडलचा पट्टा सोडला आणि प्रणालीच्या चपलांमागे माझी जोडी लावली. फरशी गार होती.

दार उघडलं तेव्हा काउंटरवर वॉर्डातली सिस्टर बसवलेली. ती बिचारी रडकुंडीला आली. कुणाची फाईल सापडेना, नावं घ्यावीत की गावं ते कळेना, फोन वाजतच होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन पाहिलं तर नीलमताई बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, अनवाणी.

‘‘नीलमताई, हा काय तमाशा? काउंटरवर बसा.’’

‘‘तुमीच घरी बसाले सांगतलं, डाक्टर. आज मी पेशंटांत हावो. नंबर आला का बोलतो.’’

बाकांवर खसखस पिकली. सुंदराबाई आदल्या दिवशी तपासून न घेताच परतल्या होत्या, म्हणून आज पुन्हा आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, माह्या नंबरावर जाय तू.’’ नीलमताईंनी हात जोडले. ‘‘नाई माय. तुमची चप्पल पुढं हाय.’’

डॉक्टर चरफडत आत गेले. पण दवाखाना चालायला हवा होता. एकेक पेशंट आत जाऊ लागला, आणि सिस्टरला नाव आठवलं नाही की बाकावरून नीलमताईच सांगायच्या, कोण, कुठून आलं, काय दुखतं. उठल्या मात्र नाहीत. शेवटी त्यांचा नंबर आला. त्यांनी प्रणालीचा हात धरला आणि आत गेल्या. मी दारात उभी राहिले.

‘‘काय त्रास आहे?’’ सवयीनं डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

‘‘मले काही नाई. हिची सही राहिली.’’ त्यांनी प्रमाणपत्राचा कागद पुढे केला.

‘‘आणि खुशालरावांना काय सांगू?’’

‘‘सांगा का चप्पल सुंदराबाईची होती. माफी मांगाची असन त त्याईनं तिची मांगावी. ते नसन जमत, त तुमी मांगा. दवाखाना तुमचा हाय. ही पोरगी कोनाची माफी नाई मांगत, आन् मी बी नाई.’’

उघड्या दारातून डॉक्टरांना चपला दिसत होत्या आणि त्यामागे ताटकळलेली माणसं. त्यांनी पेन उचललं, सही केली, शिक्का मारला, कागद जवळजवळ फेकला.

‘‘ही शेवटची,’’ ते म्हणाले. ‘‘यापुढे या दवाखान्यात एकही शिकाऊ मुलगी नको. आता तरी काउंटरवर बसा.’’

प्रणालीनं कागद छातीशी धरला आणि बाहेर येऊन भिंतीशी टेकून हमसून रडली. नीलमताईंनी तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, रांगेतल्या तिच्या चपला तिच्यापुढे टाकल्या, आपल्या पायांत सरकवल्या आणि काउंटरमागे जाऊन बसल्या. सिस्टरनं सुटकेचा निःश्वास टाकला. मग नीलमताई पुन्हा उठल्या, दारात आल्या आणि रांगेकडे नजर टाकली. पुढे माझ्या सँडल होत्या.

‘‘मॅडम!’’ त्यांनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. ‘‘तुमचा नंबर.’’

मी आत गेले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ‘‘आता तुमचं काय दुखतंय?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं. ‘‘पुढच्या वर्षी दोन मुली पाठवतेय. नीलमताईंच्या हाताखाली. तेवढं सांगायला आले होते.’’