भार जाय

गडहिंग्लजहून पहाटे निघालो तेव्हा गाडी इतकी गप्प होती, की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आदल्या रविवारी माझ्या छोट्या ट्रकचे पुढचे शॉकअप, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना आणि रबरी बुश मी स्वतःच्या हातांनी बदलले होते. बायको, शालन, एकेक पाना हातात देत होती. बारा वर्षं मिस्त्रींच्या मागं उभं राहून बघितलेलं काम, त्यात काय मोठंसं! आंबोलीचा घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर पुढून आवाज आला. कर्रर्र... टक्.

मागं गुळाची खोकी होती, ती पेडणे तालुक्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत उतरवायची. त्यांची मला फिकीर नव्हती. पण तिथून पुढं डिचोलीकडच्या मुळगावात माझी धाकटी बहीण सुमन आणि तिची पाच वर्षांची चिमी वाट बघत होत्या. मेहुण्यांची नोकरी बेळगावला गेली होती, आणि या दोघींना बिऱ्हाडासकट चोर्ला घाटातून मीच न्यायचं होतं. सुमनला मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "गॅरेजमधून सगळं नवं घालून आणलंय." आता प्रत्येक गतिरोधकावर ती थाप मला ऐकू येत होती.

तुयेला माल उतरवणारा हमाल बेळगावकडचा होता. गाडी मागं घेताना आवाज ऐकून तो म्हणाला, "मामा, किंगपिन गेली बघा. चाक निघून जातंय एखादवेळी." असं बोलून तो निवांत तंबाखू मळत बसला. मी तीनदा गाडीखाली शिरलो. सगळे नट जागच्या जागी होते, आणि त्यानं भीती आणखीच वाढली. दिसणारा दोष परवडतो.

वाटेत चोपडे गावात नदीकाठी थांबलो. खाडीत होड्या बांधलेल्या, पलीकडं माड, वाऱ्याला मासळीचा वास. एरवी तासभर बसलो असतो. हॉटेलवाल्यानं पातळ भाजी आणि उंडो (बाहेरून कडक, आत मऊ असा गोल पाव) पुढं ठेवला. मी पावाचा तुकडा हातात धरून पुढच्या चाकाकडंच बघत बसलो. "आवाज मियां आयकलंय," तो म्हणाला. "शॉकअप गेलो तुझो." नवाकोरा शॉकअप! ज्याला त्याला माझ्या गाडीचा रोग कळत होता, मला सोडून.

म्हापसा, अस्नोडा करत मुळगावला पोचलो तर सुमनचं सामान अंगणात बांधून तयार. कपाट, पेट्या, शिलाई मशीन, भांड्यांची पोती. चिमी धावत येऊन थेट केबिनमध्ये चढायला लागली. "उतर खाली!" मी इतक्या जोरात ओरडलो, की पोर रडायलाच लागली. सुमननं तिला उचलून घेतलं. मग काही न विचारता शेजारच्या शांताराम मेस्तांना (मेस्त म्हणजे मिस्त्री) घेऊन आली. पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे गृहस्थ. खाणीवरच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेलेली.

मेस्तांनी पहार घालून पाटे हलवले, चाकं हिसडून पाहिली, पाटे आवळणाऱ्या यू-बोल्टवर हातोडी मारून आवाज ऐकला. मग उठून म्हणाले, "भार जाय."

"भार तर गेला की! तुयेलाच उतरवला," मी म्हणालो. "गाडी रिकामीच आहे."

"न्हय रे! भार जाय, भार!"

"अहो, आत काहीच नाही. आता काय हौदा उतरवू?"

सुमन तोंडाला पदर लावून हसत होती. "दादा, यांचं जाय म्हणजे आपलं पायजे."

मी खजील झालो. मेस्तांनी विचारलं, "नट कसताना गाडी खंय आसली?"

"जॅकवर. चाकं अधांतरी."

"थंयच चुकलां. लोंबकळत्या पाट्यार बुश घट्ट केलो. चाक जमनीर टेकलें, रबर पिळून गेलें. तें रडटा." मग माझ्या सोलवटलेल्या बोटांकडं बघून, "कोणें कसले?"

"गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो. मेस्त पाना पुसायला लागले.

सगळं बिऱ्हाड गाडीत भरलं. मेस्तांनी नट ढिले केले, गाडी वरखाली हलवली, आणि मान उचलून म्हणाले, "फुडें भार उणो आसा. बायेक आनी चेडवाक बसय." ज्या दोघींना त्या सीटवर बसवायचा मला धसका होता, त्यांनाच मी हात देऊन वर चढवलं. त्यांच्या भारानं पाटे दबले. मेस्तांनी पाना माझ्याच हातात दिला. मी एकेक नट कसत होतो आणि वर चिमी गाणं म्हणत होती.

चोर्ला घाटात आवाज आला नाही. तरी माझे कान पुढच्या चाकातच होते. चिमी आईच्या मांडीवर झोपली होती. अर्धा घाट चढल्यावर मला राहवेना. "सुमे, गॅरेजवाला वगैरे कुणी नव्हता. मीच कसलं होतं ते."

"ठाऊक हाय. वहिनी बोलली होती फोनवर."

"आणि तरी पोरीला घेऊन बसलीस?"

"तू सकाळपासनं एकटाच बसला होतास की त्यात," ती म्हणाली. "माझ्या जिवाला काय घोर नव्हता व्हय?"

दिवसभर मी त्या दोघींची काळजी वाहिली. गाडीत आपणही आहोत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

बेळगावला त्यांना उतरवून मी एकटा परतलो. घरापुढं गाडी उभी केली, आणि हातपाय धुण्याआधी, पोचलो म्हणून सांगायला सुमनला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.