औषधाच्या झाकणांची गाडी

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही — आणि देवासमोर बसते तेव्हा तर मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखत असतात तर गप्पच राहिले असते, एवढी भित्री मी अजून आहेच.

बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्याजवळच्या एका सरकारी शाळेत मी लहान मुलांना शिकवते. टाकाऊ वस्तूंची खेळणी म्हटलं की आमच्याकडे माझं नाव निघतं. काडेपेट्यांची आगगाडी, पावरलूमच्या रिकाम्या कांड्यांची माणसं, केळीच्या सोपटाचे घोडे. दुसऱ्या शाळांतल्या मॅडम शिकायला येतात. त्यांना मी सांगते की मुलाच्या हातचं वाकडं असलं तरी ते वाकडंच मांडा. सांगताना माझी मलाच किळस येते. तरी सांगते.

आधी लहान पाप सांगू? म्हणजे मोठ्याकडे जायला जरा धीर येईल. मुलं घरून जे आणायची ते खरंच टाकाऊ असायचं — गुटख्याच्या पुड्या, तेलाचे चिकट डबे, उंदराने कुरतडलेले खोके. प्रदर्शनाला वरचे साहेब येणार, फोटो निघणार, तिथे असलं कसं मांडायचं? मग मी बाजारातून शॅम्पूच्या भरलेल्या बाटल्या आणायची आणि मोरीत ओतून रिकाम्या करायची. दोन-दोन दिवस मोरीला गुलाबाचा वास. नव्याकोऱ्या वस्तूचा आधी कचरा करायचा, मग त्या कचऱ्यातून मुलांना काटकसर शिकवायची! तुम्हाला हसू येत असेल. मला शिसारी येते.

पण ते हे नव्हे. मी नुसती भोवती फिरते आहे.

रोशनी. तिसरीत होती, आठ वर्षांची. अकरा वर्षं झाली त्याला. तिचे वडील तुकईथड गावाकडचे, इथे केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होते. छातीच्या दुखण्याने कित्येक महिने घरीच बसून होते. मी वर्गात सांगितलं होतं, घरात जे फेकायचं असेल त्याचं खेळणं करून आणा. तिच्या घरात फेकायला दुसरं काय असणार? गोळ्यांची पाकिटं, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या.

तिने केळीचा ट्रक आणला. गोळ्यांच्या खोक्याची केबिन, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, त्यांत सायकलच्या तारेचा आस. मागे वाळलेलं केळीचं पान अंथरून त्यावर पिवळ्या पिशवीच्या वळकट्यांचे घड — खालचे उलटे, वरचे सुलटे, खऱ्या गाडीत रचतात तसे. पुढची चाकं वळायचीसुद्धा. हे एकट्या आठ वर्षांच्या मुलीचं काम नव्हे, हे कुणालाही कळलं असतं. आणि हेही कबूल करते की सगळ्या वर्गात तसं खेळणं दुसरं नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर प्रदर्शनाच्या यादीत पहिलं नाव तिचं घालून मी यादी वर पाठवून दिली.

प्रदर्शन सोमवारी होतं; शनिवारी शाळा सुटल्यावर मी सामान खोक्यांत भरायला बसले. गाडी उचलली तर हाताला चिकट लागलं. झाकणांना औषध तसंच होतं, त्यावर मुंग्यांची रांग. केबिनच्या कडेला तपकिरी डाग. कसला? चहाचा असेल. पण माझ्या मनात आला तो आजारी माणसाचा खोकला, त्याची थुंकी. ओल्या फडक्याने पुसायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. मी काय केलं — गाडी वर्तमानपत्रात धरली, नाकाला पदर लावला आणि शाळेच्या मागे पाचोळा जळत होता त्यात टाकली. औषधाच्या पाकिटांची चांदी चुरचुरली. ती जळेपर्यंत उभी राहिले, म्हणजे कुणी उचलून परत आणू नये.

मग आठवलं, यादी पुढे गेलेली आहे. रविवारी घरी बसून मी दुसरी गाडी केली. नवी झाकणं, नवं खोकं, वर सोनेरी कागद. चाकं वळत नव्हती. तिच्यावर नावाची चिठ्ठी लावली — रोशनी, तिसरी.

सोमवारी ती प्रदर्शनाच्या टेबलाशी आली आणि आपली गाडी शोधायला लागली. मला विचारलं. मी म्हटलं, तू आणलीच कुठे होतीस? तुझं नाव यादीत होतं, म्हणून मला करावी लागली. ती म्हणाली, शनिवारी तुमच्याच हातात दिली होती मॅडम. मी आवाज चढवला. खोटं बोलणाऱ्या मुली मला आवडत नाहीत, असं चार मुलांसमोर सुनावलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना — त्या चोराचं तोंड कसं असतं, मी आरशात पाहिलेलं आहे.

इथवरच असतं तरी कदाचित सांगितलं नसतं. दुपारी तिचे वडील आले. तोंडाला गमछा बांधलेला, भिंतीला धरून चालत होते. आपल्या मुलीची गाडी बघायला आले होते. सोनेरी गाडीपुढे उभे राहून त्यांनी चाक बोटाने फिरवून पाहिलं.

“मॅडम, हे आमची गाडी नाही हाये,” ते म्हणाले. “आमचीचे चाकं वळत होते. मीनं बसवले होते.”

तेव्हा तरी? तेव्हा तरी मला बोलता येत नव्हतं का? रोशनी माझ्याकडे बघत होती. तिला वाटत असेल, आता बाबा आले, आता मॅडम खरं सांगतील. मी म्हटलं, भाऊ, तिने शाळेत काही आणलंच नाही. वाटेत कुठेतरी पाडली असेल, आणि आता माझं नाव घेते आहे.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं, असंही एक क्षण वाटून गेलं — मग मी मधे पडून तिला वाचवलं असतं आणि चांगली ठरले असते. बघा, मन कुठवर जातं!

“मॅडम कायले खोटं बोलतीन?” ते तिला म्हणाले. “तूच हरवली. पाया पड त्यांच्या.”

ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. उलट तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, नेहमी खरं बोलावं बेटा. वडील दोन्ही हात जोडून उभे होते. खोकला आला तसे बाहेर गेले. आणि मी — मी नळावर जाऊन साबणाने हात धुतले.

त्या उन्हाळ्यातच ते गेले. हाताने केलेली त्यांची शेवटची गोष्ट बहुतेक ती जळालेली गाडीच असावी. मला नक्की ठाऊक नाही. विचारायचं तोंड कुठे होतं?

जुलैत शाळा उघडली. रोशनी चौथीत गेली होती. एक दिवस मधल्या सुट्टीत आपणहून माझ्याजवळ आली. ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, ते गाडी माह्याच हातून हरवली असन. मले आता आठवत नाही.”

मी म्हटलं, असू दे. होतं असं.