हौश्याची इंग्रजी

"थांब! आरं थांब की, मुडद्या!" मुरूमहून बैल बघायला आलेलं गिऱ्हाईक छकड्यात उभं राहून केकाटत होतं आणि आमचा हौश्या छकड्यासकट शेजाऱ्याच्या तुरीत शिरत होता. गिऱ्हाइकानं कासरा एवढा ओढला, की बैलाऐवजी तेच वीतभर लांब झालं. बांधावर हात मागं बांधून उभे असलेले माझे सासरे शांतपणे म्हणाले, "त्याला 'स्टॉप' म्हणा."

इंग्रजी क्रियापदांना भिणारी माणसं मराठवाड्यात तणासारखी उगवतात. त्या क्रियापदांना वेसण घालणारा एकच निघाला, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मामांची सगळी नोकरी एका कचेरीत 'फॉरवर्डेड' असा शिक्का मारण्यात गेली. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना त्याचा अर्थ सांगितला, 'पुढं पाठवलं'. मामा दोन दिवस जेवले नाहीत. "एवढे शिक्के मारले, पण काही पुढं गेलेलं म्या तरी बघितलं न्हाय," म्हणाले, आणि लोहाऱ्याच्या बाजारातून क्रियापदांचं पुस्तक घेऊन आले.

क्रियापद पाठ करायचं नसतं, वापरायचं असतं, हा त्यांचा सिद्धांत. पण वापरायचं कुणावर? पारावर 'सिट' म्हणाले तर बसलेली माणसं हसत उठून जायची. पोरं पुण्याला, फोनवर त्यांचं 'बोला बाबा, लवकर बोला' एवढंच. राहता राहिला हौश्या. तो हसत नसे. शिवाय तो घेतलेला कर्नाटकातल्या माणसाकडून, म्हणजे मुळात कानडी. मराठी त्याला येतच नाही, अशी मामांची ठाम समजूत. रोज गोठ्यात एक क्रियापद निघायचं. 'ईट'ला हौश्यानं वैरण खाल्ली, 'ड्रिंक'ला हौद निम्मा केला. 'थिंक'च्या दिवशी मामा त्याच्यासमोर दिवस मावळेपर्यंत बसले. हौश्या डोळे मिटून रवंथ करू लागला. "बघा जावईबापू, ह्याला जमलं. आमच्या सायबाला शेवटपर्यंत जमलं न्हाय!" एकदा हौश्यानं लाथ घातली, तेव्हा मामांनी लंगडत पुस्तक उघडलं, बोट फिरवत फिरवत योग्य पान काढलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आय फर्गिव्ह यू!"

अशात थोरल्या मेव्हण्यानं पुण्यातून फर्मान काढलं, की आता ट्रॅक्टर आहे, बैल काढून टाका. गिऱ्हाईकही त्यानंच धाडलं. मामा 'हो' म्हणाले. त्यानंतर चार दिवस पुस्तक काही उघडलं नाही.

तर ते गिऱ्हाईक आता निम्म्या तुरीत होतं. "म्हणा की 'स्टॉप'," मामा पुन्हा म्हणाले. गिऱ्हाइकानं बांधावर जमलेल्या माणसांकडं बघितलं. मामीही तिथंच होत्या, तोंडाला पदर लावून. गिऱ्हाइकाचे कान लाल झाले. "चारचौघांत बैलाशी इंग्रजी बोलू? माझ्या पोराला पोरगी कोण देईल?"

शेवटी मामांनी हाक दिली, "हौश्या, स्टॉप!" हौश्या असा थांबला, की गिऱ्हाईक पुढं जाऊन तुरीत पडलं. सौदा तिथंच मोडला. अंग झाडत ते म्हणालं, "बैल नामी हाय, पण आमच्याकडं शिकलेलं कुणी न्हाय." मामांनी वरवर लई हळहळ केली; संध्याकाळी गोठ्यातून 'स्टे'चा धडा ऐकू आला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा देवळात गेले होते. मामी गोठा झाडत होत्या. "सरक की पलीकडं, मेल्या," त्या पुटपुटल्या, आणि हौश्या निमूट सरकला. 

"मामी, ह्याला मराठी कळतं की! आणि काल तुम्ही बांधावर असून त्याला 'थांब' म्हणाला नाहीत!"

"घरच्यांचं तेवढं कळतंय," झाडता झाडताच मामी म्हणाल्या. "ह्यांना नका सांगू."