डोळ्यातलं लोखंड

केरबांना मीच परत पाठवलं. मी, सरिता, संभाजीनगरातल्या एका खासगी केंद्रात एमआरआयचं मशीन चालवते.

केरबा पाचोडकडच्या एका वाडीचे. सत्तरी गाठलेली. उभा जन्म मेंढरांमागं गेला, मधली काही वर्षं विहिरी खोदायला जायचे. लघवीचा त्रास त्यांनी वर्षभर लाजेनं लपवला. मग रक्तातला पीएसए अठरा आला, एरवी तो चारच्या आत हवा. डॉक्टरांना प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका होती. गाठ असली तर कुठं आहे ते एमआरआयत दिसतं, म्हणजे तपासणीची सुई नेमकी तिथंच घालता येते.

"अंगात कुठं लोखंड?" मी विचारलं.

"नाय."

त्यांच्या पत्नी बानाबाई पुढं झाल्या. "आवो, विहिरीवर छन्नीचा तुकडा उडाला व्हता की डोळ्यात! तवापासून दिसतच नाय त्या डोळ्यानं."

एक्स-रे काढला. डाव्या डोळ्यामागं तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. मशीनचं चुंबक तो ओढणार, आत रक्तस्राव होणार. मी समजावून सांगितलं.

"बाई, फुटकाच डोळा हाय," केरबा म्हणाले. "जाऊ द्या गेला तर. अंगठा देतो कागदावर."

मुलगा हनुमान वाळूजला कंपनीत कामाला. त्यानं हात जोडले. आमच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, अंगठा घेऊनही हे नियमात बसत नाही म्हणाले. डोळ्याच्या डॉक्टरांनीही तुकडा काढायला नकार दिला, फार खोल रुतला होता.

मग सोनोग्राफीवर बघून बारा ठिकाणी सुया घातल्या. कॅन्सर सापडला नाही. बानाबाईंनी हनुमानाच्या हाती माझ्यासाठी बाजरीची भाकरी अन् ठेचा पाठवला. सापडला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी भाकरी खाल्ली. डॉक्टरांनी त्यांना तीन महिन्यांनी बोलावलं होतं. ते सहा महिन्यांनी आले, बरं वाटत होतं म्हणून.

पीएसए एकतीस. या वेळी डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या पुढच्या बाजूलाही सुया घातल्या, आधीच्या तिथवर पोचल्या नव्हत्या. तिथंच निघाला. हाडांच्या तपासणीत तो खुब्यापर्यंत गेलेला दिसला. आता ऑपरेशन करून काढून टाकण्यासारखा तो राहिला नव्हता. रोग दाबून ठेवायला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, तेवढंच.

पहिलं इंजेक्शन घेऊन ते आमच्या केंद्रावर आले. बाकावर टेकले.

"बाई, तुमच्या मशिनीत दिसलं असतं का ते?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "बहुतेक दिसलं असतं, बाबा."

बानाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला वाटलं, केरबा आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी तरी काय करनार," ते म्हणाले.

हनुमानानं काखेत हात घालून त्यांना उठवलं. खुबा दुखत होता, म्हणून दारापर्यंत जाताना ते दोनदा थांबले.