काकांच्या तळहाताने निवडलेले स्पीकर

आमच्या घरी त्रेचाळीस इंची टीव्ही आला आणि आठवडाभरात लक्षात आलं, की त्याला आवाज द्यायचं बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघून गेलंय. म्हणजे आवाज होता, पण तो मागच्या बाजूने भिंतीशी बोलायचा. सिनेमातला नायक चिडला की तोंडात भाकरीचा घास ठेवून चिडल्यासारखा वाटायचा.

मी धारूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. ‘ध्वनी’ हा धडा शिकवून शिकवून पाठ झालेला, त्यामुळे होम थिएटर निवडायला माझ्याइतका लायक माणूस तालुक्यात नाही असं मी घरात जाहीर केलं. बायकोनं पंधरा हजारांची मर्यादा जाहीर केली.

“त्यात वायरी पण आल्या,” ती म्हणाली. “अन् भिंतीला भोकं पाडायची न्हाईत.”

मग महिनाभर मी मोबाइलवर तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले. हे सगळे तज्ज्ञ भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसतात आणि ‘गरिबाचं होम थिएटर’ म्हणून लाखभराची यादी वाचतात. एकानं सांगितलं, मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर हवेत. मी टेप घेऊन मोजलं. आमच्या कानाच्या मागे, बरोबर त्या उंचीवर, एका बाजूला ज्वारीचं पोतं येत होतं आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. दुसऱ्यानं सांगितलं, आधी खोली सुधारा, मग स्पीकर घ्या. आमच्या खोलीवर पत्रे आहेत. ती सुधारायची तर घरच नवीन बांधावं लागलं असतं.

शेवटी मी जिवंत तज्ज्ञ गाठला. आमच्या गल्लीतच राहणारे, मंडप आणि साउंडचा धंदा करणारे काका. आसपासच्या गावांतलं क्वचितच एखादं लग्न त्यांच्या भिंतीएवढ्या बॉक्सांशिवाय लागलं असेल. आवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे निकाल.

“सर, आवाज कानाला न्हाई, छातीला लागला पायजे,” ते म्हणाले. “चला केजला. मी निवडून देतो.”

रविवारी सकाळी आम्ही माझ्या मोटरसायकलवर केजला गेलो. दुकानदारानं मोठ्या प्रेमानं एक खोकं पुढं केलं. त्यावर ‘बारा हजार वॅट’ असं छापलेलं होतं. मी सवयीनं मागची पट्टी वाचली. हे यंत्र वीज घेत होतं फक्त साठ वॅट. साठ घेऊन बारा हजार देणारं यंत्र दुकानात ठेवणं म्हणजे देशाचं नुकसान होतं. ते परळीच्या वीज केंद्रात बसवायला हवं होतं.

“सर, ते हिशोब शाळेत,” दुकानदार म्हणाला. “तुमी लायटी बघा.”

लायटी खरंच होत्या. निळ्या, लाल, हिरव्या, गाण्यावर उड्या मारणाऱ्या.

त्यानं तीन सेट ओळीनं वाजवले. प्रत्येकावर तेच गाणं. काका प्रत्येक बॉक्सवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे, डॉक्टर पोट तपासतो तसे. तिसऱ्या, लायटीवाल्या सेटला त्यांनी मान डोलावली. “हाच. याच्यात जीव हाय.”

मला मात्र त्याच्यात किंचाळी ऐकू येत होती. वरच्या छोट्या वाट्यांमधून, जिथून बारीक, उंच पट्टीचे आवाज निघतात, पाटीवर खिळा ओढावा तसलं काहीतरी येत होतं. मी भीतभीत म्हणालो, “काका, हा किंचाळतोय.”

“कुठं किंचाळतोय? दाखीव रे सरांना,” काका दुकानदारावर ओरडले.

दुकानदारानं मला समजावण्यासाठी खालचा मोठा, धडधडणारा स्पीकर बंद केला आणि फक्त वरच्या छोट्या वाट्या चालू ठेवल्या. आता तर ते असह्य झालं. बाहेर उभ्या गिऱ्हाइकानं वळून पाहिलं. स्वतः दुकानदारानं एक डोळा बारीक केला.

काकांचा हात अजून बॉक्सवर होता. त्यांनी तो उचलला, परत ठेवला.

“कावून बंद केला बे?” त्यांनी विचारलं.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. गाणं किंचाळतच होतं. काकांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. मग नाचणाऱ्या लायटींकडे. त्यांचा चेहरा पडला.

“चालू हाय का?” ते हळूच म्हणाले.

त्या क्षणी मी जे केलं ते विज्ञानाच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही. मी मोठ्यानं म्हणालो, “काका म्हणतात तेच खरं. हाच बांधा.” महिनाभराचा अभ्यास, टेपची मापं, साठ वॅट, सगळं बाजूला ठेवून मी दुकानातला सगळ्यात वाईट सेट पूर्ण शुद्धीत विकत घेतला.

परत येताना काका खोकं मांडीवर घेऊन मागे बसले होते. रस्त्यात एका टपरीवर चहा घेतला तेव्हा म्हणाले, “सात-आठ वर्षं झाली असतील, सर. मोटं ऐकू येतं, बारीक न्हाई.”

“मग लग्नात साउंड कसा लावता?”

“हातानं. अन् पुढच्या लोकांच्या तोंडाकडं बघून. नवरदेवाच्या चुलत्यानं कानावर हात ठेवला की समजायचं, बराबर लागला.” ते थोडं हसले. “घरी बायकोला वाटतं मी मुद्दाम तिचं ऐकत न्हाई. वाटू द्या. साउंडवाला बहिरा हाय म्हणलं तर कोण बोलावील?”

मी वचन दिलं, कुणाला सांगणार नाही. ते वचन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं. सेट जोडला, सिनेमा लावला, आणि नायिका कुजबुजली तेव्हा आमची मांजर घराबाहेर पळाली. मी वाट्यांपुढे जुनं बनियन कोंबून पाहिलं. ज्वारीच्या पोत्यावर ठेवलेल्या स्पीकरमधून कुणीतरी सारखं कुलूप उघडत असल्यासारखा खडखडाट येत होता. बायकोनं रिमोट घेऊन सगळं बंद केलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमी एवढं शिकलेले. हे कावून आणलं?”

मी सांगून टाकलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही.

“स्पीकर कधी पण बदलता येतील,” ती म्हणाली. “त्यांना अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडं न्या. साउंडचं सामान बघायला चाललो म्हणून सांगा, म्हणजे येतील.”

तसंच सांगितलं, आणि काका नवीन शर्ट घालून आले. दवाखान्याच्या दारात त्यांना कळलं. मला त्यांनी काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण आत आले. तपासणीच्या खोलीला चारी बाजूंनी जाड गाद्या लावलेल्या. काकांनी भिंत दाबून पाहिली.

“सर, खोली भारी हाय. तुमाला असली पायजे होती.”

मग त्यांना कानावर हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. पाच मिनिटांत, काचेच्या खिडकीबाहेर माझ्याशेजारी बसलेल्या तपासणाऱ्या बाईंनी ते थांबवलं. काका एका हाताची बोटं हेडफोनवर टेकवून कंप शोधत होते आणि नजर बाईंच्या बोटांवर होती. बाईंचं बोट हललं की हे बटण दाबत.

“काका, ही परीक्षा न्हाई,” बाई माइकमधून म्हणाल्या. “नापास करणार न्हाई मी तुमाला. हात खाली घ्या.”

त्यांनी हात मांडीवर ठेवले. नंतर बराच वेळ त्यांनी बटण दाबलंच नाही. काचेतून ते फार लहान दिसत होते, आणि मला पहिल्यांदाच त्या सगळ्या प्रकाराची लाज वाटली.

महिन्याभरानं त्यांना कानाचं यंत्र मिळालं. ते त्यांनी डोक्याच्या रुमालाखाली दडवलं. रुमाल आता भर उन्हात, सावलीत, जेवताना, सगळीकडे. दुकानदारानं माझा सेटही कुरकुर न करता बदलून दिला. त्यालाही तो दिवस आठवत असावा. बदल्यात साधे काळे दोन बॉक्स आणले. लायटी नाहीत, मागचे स्पीकर नाहीत, वॅटचा चमत्कार नाही. माणसं बोललेली समजतात, तेवढंच.

काका ते ऐकायला आले. मी निकालाची वाट पाहत होतो. ते वर बघून म्हणाले, “हे कुई कुई कोण करतंय?”

“पंखा हाय, काका. आधीपासून करतो.”

पुढच्या आठवड्यात गल्लीतलं एक लग्न होतं. भर दुपारी, पहिलं गाणं लागलं आणि काका धावत आपल्याच बॉक्सांकडे गेले. मी मागे गेलो. त्यांनी सगळ्या किंचाळणाऱ्या वाट्यांचा आवाज खाली आणला. मंडपात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायला लागलं.

“इतकी वर्षं लोकांनी हे ऐकलं?” काका मला म्हणाले. “अन् कुणी बोललं न्हाई?”

“बोलले असतील, काका.”

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले, की रुमाल सुटला.

एवढ्यावर सगळं चांगलं व्हायला हरकत नव्हती. पण जेवणाच्या पंगतीतच नवरदेवाचा चुलता कुरकुरत आला: आवाजात दम नाही, मशिनरी जुनी झाली वाटतं. त्या सीझनला जवळच्या युसूफ वडगाव गावातली दोन लग्नं दुसऱ्या साउंडवाल्याकडे गेली. काकांनी त्यावर विचार करून तोडगा काढला आहे. लग्न लागलं की ते कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवतात आणि आवाज पूर्ण वाढवतात. घरी गेल्यावर यंत्र परत घालतात. बायको बोलते ते आता त्यांना सगळं ऐकू येतं, असं ते सांगतात, आणि तिला ते अजून खरं वाटत नाही.