काकूंच्या गुडघ्यांसाठी दिलेल्या कॅप्सूल

माझी नणंद अमेरिकेत असते. उन्हाळ्यात ती सोलापूरला आली की बॅगेतून कपड्यांआधी बाटल्या निघायच्या. हाडांच्या, केसांच्या, ताकदीच्या. "आई, रोज घेत जा," असं बजावून ती परत जायची आणि सासूबाई त्या गोळ्या गल्लीत वाटून टाकायच्या. कुणी थकलेलं दिसलं की लाल, कुणाचे केस गळतात म्हटलं की पांढरी. स्वतः कधी घेतल्या नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणायच्या.

समोरच्या काकूंना पिवळ्या, चकचकीत कॅप्सूल मिळाल्या होत्या. काकूंचं माहेर दुधनीचं, कानडी बोलणारं. त्यांच्या सासरी देवळातली पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांचे गुडघे दुखायचे आणि नणंदेने पिवळी बाटली सांध्यांसाठी असं सांगितलं होतं.

मागच्या वर्षी सासूबाईंच्याच तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळेना. "बघ गं, यातलं मला काय चालेल," त्या म्हणाल्या. रविवारी दुपारी मी सगळ्या बाटल्या काढल्या आणि बारीक अक्षरं वाचायला बसले. दोन बाटल्यांत तीच ती जीवनसत्त्वं होती. एकीची मुदत कधीच संपली होती. पिवळीवर लिहिलं होतं, माशाचं तेल.

"अहो आई, ह्याच कॅप्सूल काकूंना दिल्या होत्या ना?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. मी म्हटलं, "त्यांच्याकडच्या संपल्यासुद्धा असतील. कशाला सांगायचं?"

"ती रोज त्या हातांनी देवाचं करते. न सांगून कसं चालेल?" त्या उठल्या, साडी बदलली आणि निघाल्या. चप्पल सुटत होती म्हणून हाताला धरून मी बरोबर गेले.

काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. सासूबाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काकू शेंगा बाजूला ठेवून उठल्या. आत गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आला, मग देवघरातली घंटा. त्या बाहेर येईपर्यंत सासूबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"इरली, वहिनी," काकू म्हणाल्या. म्हणजे राहू द्या. "तुमाला तरी कुटं ठाऊक होतं? बसा आता." मग चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण खरं सांगू का, गुडघ्याला काय फरक न्हाय पडला. तुमाला वाईट वाटेल म्हणून बोलले न्हाय. लई दुखायलेत अजून."

त्या आठवड्यात मी दोघींना डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचे रिपोर्ट आले. दोघींचं बी-बारा जीवनसत्त्व कमी, सासूबाईंचं डीही कमी. "इथल्या उन्हात?" मी विचारलं. "ऊन बाहेर असतं आणि या पडदे लावून घरात," डॉक्टर म्हणाले. भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी चालू ठेवायची. पण शाकाहारात बी-बारा फारसं मिळत नाही, ते गोळीतूनच घ्या. सासूबाईंना डीसाठी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पुडी. बाकीच्या बाटल्यांची गरज नाही, आणि एकीची गोळी दुसरीने घ्यायची नाही. काकूंना गुडघ्यांसाठी त्यांनी व्यायाम दाखवला.

औषधाच्या दुकानात काकूंनी विचारलं, "ह्यात काय हाय?" दुकानदाराने पाकीट उलटून वाचून दाखवलं. कॅप्सूलचं वरचं आवरणही कधीकधी प्राण्यांपासून करतात, हे त्यानेच सांगितलं. काकूंनी साध्या गोळ्या घेतल्या. सासूबाईंनीही त्याच मागितल्या.

सासूबाईंच्या मुंग्या कमी व्हायला बरेच महिने गेले. डाव्या पायाचा अंगठा अजूनही थोडा बधिर आहे. काकू सांगितलेला व्यायाम सकाळी करतात, कधी कंटाळा करतात, आणि गुडघा दुखला की ओट्यावरून सासूबाईंना हाक मारून तसं सांगतात.