मुलीच्या गोठवलेल्या बीजांची वाच्यता

आमच्या नात्यात अजूनही म्हणतात की माझ्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. बोलणाऱ्यांना मी गप्प करू शकलो असतो. केलं नाही, कारण बोललो होतो मी.

मुलगी मुंबईत नोकरी करते. तेहतिसाव्या वर्षी तिने तिथल्या दवाखान्यात स्वतःची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवली; पुढेमागे मूल हवंसं वाटलं तर उपयोगी पडावीत म्हणून. पोटात इंजेक्शनं टोचून घेण्याचे ते दिवस तिने एकटीने काढले आणि नंतर फक्त आईला सांगितलं. बायकोने मला सांगितलं, तेही गळ्याची शपथ घालून. मी म्हणालो, "आपल्या वाडीतली बियाण्याची सुपारीसुद्धा आपण इतकी साठवत नाही." ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

काही वर्षांनी किहीमचं एक स्थळ आलं. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीची वाट बघताना मुलाच्या वडिलांनी मुलीचं वय विचारलं आणि ऐकून तोंड वाकडं केलं. ते मला झोंबलं. ज्या गोष्टीवर मी थुंकलो होतो, तीच विक्रीच्या कलमासारखी पुढे केली. "वयाचं काय घेऊन बसलात? तिची बीजं तेहतिसाव्या वर्षीची आहेत. गोठवून ठेवलीत."

पाहायला ते चौलला आमच्या घरी आले. मुलाची आई पोह्यांची बशी हातात घेऊनच मुलीला म्हणाली, "म्हणजे सून अडतिसाची आणि नातवंडं फ्रीजमधली. मग आमच्या मुलाचं तुला काय काम गं?" मुलाने हसू दाबलं.

मुलीने आपल्या आईकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाहुण्यांना विचारलं, "चहा घेणार ना?"

मुलगी बॅग उचलून निघून गेली. त्यानंतर आईचा फोन ती घेईना. माझा घ्यायची. माझी बहीण म्हणाली, "वहिनीच्या पोटात काही राहत नाही." मी मान डोलावली.

परवा बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरलं, म्हणून मुलगी पाच वर्षांनी घरी आली. आई समोर बसलेली असताना मला म्हणाली, "बाबा, त्यांना विचारा, एक्स-रे कुठे ठेवलेत."

आईला 'त्यांना'. मी म्हणालो, "तेव्हा मी सांगितलं होतं. मांडव्याला, मुलाच्या वडिलांना."

तिने आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"यांनी चहा विचारला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"यांचं हे सांगतील म्हणून थांबले. इतकी वर्षं लावतील असं वाटलं नव्हतं."

मुलगी माझ्याकडे वळली. "माझा बाजार मांडलात, ते एक वेळ विसरेन. माझी आई तोडलीत, ते नाही."

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन मुंबईला निघाली. मी बॅग रिक्षापर्यंत नेत होतो, ती तिने माझ्या हातातून काढून घेतली. बायको आत बसल्यावर म्हणाली, "अहो, सुपाऱ्या सोलायला माणूस सांगितलाय. त्याला तरी काही सांगत बसू नका."

परत कधी येणार, ते दोघींपैकी कोणी बोललं नाही. नात्यातल्यांनी यापुढे जे म्हणायचं ते मला म्हणावं. मी घरी एकटाच असतो.